शुगरची वही कोणाकोणाला दिसावी?

तीन आठवड्यांपूर्वी याच स्तंभात मधुमेही रुग्णांनी शुगरची वही कशी ठेवावी, हे मी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी तासगावच्या एका निवृत्त गुरुजींचे पत्र असे आहे : "डॉक्टरसाहेब, आपण अजून वहीतच अडकला आहात. माझा नातू म्हणतो की, आता सगळे मोबाईलवर ठेवता येते आणि डॉक्टरांना घरबसल्या दिसते. तसे असेल तर वही कशाला? आणि दुसरे असे की, मोबाईलवर ठेवलेले आणखी कोणाकोणाला दिसते?"

गुरुजींचा पहिला प्रश्न सोपा आहे. वही ठेवा नाहीतर मोबाईल वापरा, नोंद होण्याशी मतलब. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला गेली काही वर्षे चांगलेच छळले आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून झाली. ती चूक आज सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पेशंटना दवाखान्यात येता येईना. मी मोठ्या उत्साहाने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला आणि माझ्या मधुमेही पेशंटना त्यात घातले. रोज सकाळी प्रत्येकाने आपली शुगर टाकायची आणि मी खाली उत्तर द्यायचे. कल्पना सगळ्यांना आवडली. एकमेकांची शुगर बघून लोकांत चढाओढही लागली. टाळेबंदी उठली तरी ग्रुप चालूच राहिला आणि मीही तो बंद केला नाही, कारण मला ते सोयीचे होते.

त्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिला टाईप-१ मधुमेह. म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज टोचून घ्यावेच लागते. मुलगी हुशार, नोंदी चोख. २०२१ च्या दिवाळीनंतर तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. ग्रुपमधल्या एका गृहस्थांचे मुलाकडच्या मंडळींशी नाते होते. त्यांनी काही वाईट हेतूने केले असेल असे मला वाटत नाही. पण बातमी पोहोचली. पुढच्या ठिकाणी असे होऊ नये म्हणून मुलीने ग्रुप सोडला, नोंदी बंद केल्या, आणि मावशीच्या घरी पाहुणे येणार होते तेव्हा कोणाला दिसू नये म्हणून दीड दिवस इन्सुलिनच घेतले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला माझ्याकडे आणले तेव्हा उलट्या, पोटात कळा, खोल आणि जलद श्वास. शुगर ४६८ आणि लघवीत कीटोन भरपूर. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढल्यावर ती वाचली.

लग्नाआधी आजार सांगावा की नाही, या वादात मी पडत नाही. सांगावा, हे माझे मत आहे. पण कधी, कसा आणि कोणाला सांगायचा हे तिने ठरवायचे होते. माझ्या ग्रुपने ते परस्पर ठरवून टाकले.

त्या आठवड्यात मी ग्रुप बंद केला. माझ्या एका जुन्या पेशंटचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे. तो गावी आला की मला भेटतो. त्याला मी म्हटले, "बाबा रे, मला वहीसारखी वही करून दे, पण ती मोबाईलवर असावी आणि ज्याची त्यालाच दिसावी." तो म्हणाला, "डॉक्टरकाका, यात वही सोपी आहे. ज्याची त्याला दिसणं अवघड." पुढे दीड वर्ष, सुटीच्या दिवशी, आम्ही दोघे माझ्या दवाखान्याच्या माडीवर बसत होतो. आज तीसएक पेशंट ती यंत्रणा वापरतात. तिचे काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे आपण मोबाईलवर कोणतेही ॲप घेताना काय बघायचे ते आपल्याला कळेल.

आकडा नुसता आकडा नसतो

पहिल्याच महिन्यात आम्ही तोंडावर पडलो. शुगर टाकताना ती कोणत्या वेळची, यासाठी बटणे होती. इंग्रजी शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घेऊन अभियंत्याने एका बटणावर 'उपवास' असे लिहिले होते. एका आजींची नोंद आली : उपवास, २६२. मी दचकून फोन केला. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, उपासच हाय की माझा. एकादशी न्हाई का आज? आत्ताच साबुदाण्याची खिचडी खाल्ली." चूक आजींची नव्हती. त्याच दिवशी बटणावरचा शब्द बदलून 'सकाळी उठल्यावर, काही न खाता' असा केला. लांबलचक झाला, पण त्यानंतर एकदाही घोटाळा नाही.

दुसरा घोटाळा मोजमापाचा. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. इंग्लंडमध्ये तीच मिलिमोलमध्ये मोजतात. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो. एका गृहस्थांना मुलाने लंडनहून मशीन पाठवले होते. मशीनवर ११.२ दिसले, त्यांनी बिंदू न बघता ११२ लिहिले आणि खूश झाले. प्रत्यक्षात शुगर होती दोनशेच्या वर. म्हणून आता प्रत्येक पेशंटचे मशीन कोणते, त्याचे माप कोणते, हे सुरुवातीलाच नोंदवले जाते, आणि आकड्यासोबत माप नसेल तर यंत्रणा आकडा घेतच नाही.

तिसरी गोष्ट त्याहून गंभीर. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधले १०० युनिटचे. सिरिंजही दोन तऱ्हेच्या मिळतात : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. आता समजा, पेन बिघडला म्हणून कोणी पेनच्या नळीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढले. त्याला वाटते, वीस युनिट घेतले. पोटात गेले पन्नास! उलट बाटलीतले इन्सुलिन नारिंगी सिरिंजने वीस रेघा घेतले तर गेले फक्त आठ. वहीत दोन्ही वेळा 'इन्सुलिन २०' एवढेच लिहिलेले असते. डॉक्टर बिचारा वही बघून डोस वाढवत बसतो. आमच्या यंत्रणेत इन्सुलिनची नोंद करताना समोर दोन चित्रे येतात, बाटली आणि पेन, आणि नंतर टोपणाचा रंग विचारला जातो. जोडी चुकीची असेल तर लाल अक्षरांत सूचना येते आणि मला फोन करण्याचे बटण समोर येते. सुरक्षितता म्हटले की सगळे पासवर्डचा विचार करतात. मला विचाराल तर ही टोपणे तितकीच महत्त्वाची.

एक फोन, घरात पाच माणसे

अभियंत्याने प्रथम जे योजले ते शहरातल्या माणसाला धरून होते. प्रत्येकाचा फोन, प्रत्येकाचा नंबर, त्यावर ओटीपी आला की दार उघडले. जत भागातल्या माझ्या एका पेशंटबाईंच्या घरी एक साधा आणि एक स्मार्ट असे दोन फोन, आणि बँकेत दिलेला नंबर मुलाचा. तो कामाला बाहेरगावी. बाईंनी शुगर तपासायची आणि ओटीपीसाठी मुलाला फोन करायचा, तो कामात असेल तर नोंद राहिली. शिवाय ज्याच्या हाती फोन त्याला सगळे उघडे.

त्यावर तोडगा निघाला तो असा. ओटीपी फक्त एकदाच, फोन यंत्रणेला जोडताना, दवाखान्यात माझ्यासमोर. त्यानंतर त्या फोनवर घरातल्या प्रत्येक पेशंटचा स्वतःचा चार अंकी आकडा. सासूबाईंचा निराळा, सुनेचा निराळा. चार अंक म्हणजे कुलूप लहानच. म्हणून तो आकडा त्या एकाच फोनवर चालतो, आणि पाच वेळा चुकला की दार बंद होते, ते दवाखान्यातूनच उघडावे लागते. जन्मवर्ष आणि १२३४ ठेवू देत नाही.

एक लहान गोष्ट त्या मुलीने सुचवली. पूर्वी यंत्रणा फोनवर संदेश पाठवायची, "आपली शुगर ३१२ आहे, त्वरित संपर्क साधा." फोन टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवला असेल तर शेजारी बसलेला माणूसही ते वाचणार. ती म्हणाली, "सर, दार बंद केलं आणि पाटी बाहेर लावली." आता संदेश एवढाच येतो : "आपल्यासाठी एक निरोप आहे." शुगर हा शब्द नाही, दवाखान्याचे नाव नाही.

कोणी काय पाहावे, आणि पाहिले ते कोणाला कळावे

दवाखान्यात मी एकटा नसतो. नोंदणीला एक बाई असतात, रक्त घेणारा मुलगा असतो, आहार सांगायला आठवड्यातून एकदा ताई येतात. पूर्वी कपाटाची किल्ली सगळ्यांकडे होती. यंत्रणा करताना प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच दिसावे असे ठरवले. नोंदणीच्या बाईंना नाव आणि येण्याची तारीख दिसते, शुगर दिसत नाही. आहाराच्या ताईंना शुगर आणि जेवण दिसते, इतर आजार दिसत नाहीत. पेशंटच्या घरच्यांपैकी कोणाला दिसावे हे पेशंट ठरवतो, आणि दिलेली परवानगी तो कधीही काढून घेऊ शकतो. (एका गृहस्थांनी दिवाळीच्या चार दिवसांसाठी बायकोची परवानगी काढून घेतली होती. का ते मी विचारले नाही, शुगर बघून समजले.)

पण रात्री दोन वाजता पेशंट बेशुद्ध होऊन भलत्याच गावी एखाद्या डॉक्टरांपुढे आला तर? परवानगी कोण देणार? यावर आम्ही बरेच भांडलो. अभियंत्याचे म्हणणे, अपवाद ठेवला की तोच चोरवाट होतो. माझे म्हणणे, कुलपापायी माणूस मरता कामा नये. शेवटी असे केले की, पेशंटच्या पाकिटातल्या कार्डावरून दुसऱ्या डॉक्टरांना फक्त चार गोष्टी दिसतात : कोणता मधुमेह, कोणते इन्सुलिन किती, कशाची ॲलर्जी, आणि घरचा फोन. त्यापुढचे उघडायचे असेल तर डॉक्टरांनी स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि कारण लिहायचे, आणि उघडल्याबरोबर पेशंटला, घरच्यांना आणि मला निरोप जातो.

प्रत्येक नोंद कोणी, कधी उघडली याचे रजिस्टर यंत्रणा आपोआप ठेवते, कचेरीतल्या आवक-जावकासारखे. ते मलाही खोडता येत नाही. पेशंटला मात्र आपल्यापुरते ते कधीही बघता येते. ही सोय केल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला दिसले की, एका कर्मचाऱ्याने आपल्याच गल्लीतल्या एका पेशंटची नोंद तीन वेळा उघडली होती. काम काहीच नव्हते, नुसते कुतूहल. बोलावून समज दिली. कागदी फाईल कोणी किती वेळा चाळली हे मला तीस वर्षांत कधी कळले नव्हते.

नोंद चुकली तर ती पुसता येत नाही. आमच्या गावचे जुने तलाठी चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून, वर नवा आकडा लिहून, बाजूला सही करत. खालचा आकडा वाचता यायचा. यंत्रणाही तेच करते. कारण चुकीच्या आकड्यावर मी काही डोस सांगितला असेल, तर तो का सांगितला हे पुढे कळायला तो चुकीचा आकडा शिल्लक हवा.

कुलूप, किल्ली आणि पीठ

आता थोडे तांत्रिक. कंटाळू नका.

फोनवरून नोंद निघते ती वाटेत गुप्त लिपीत असते. बँकेचे व्यवहार ज्या रीतीने होतात तीच रीत. पोहोचल्यावर ती जिथे साठवली जाते तिथेही ती गुप्त लिपीतच राहते. गुप्त लिपी उलगडायची किल्ली त्याच संगणकावर ठेवली, तर कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होते. म्हणून किल्ली निराळ्या ठिकाणी. पेशंटचे नाव-पत्ता एका कप्प्यात, शुगरचे आकडे दुसऱ्या कप्प्यात, आणि दोन्हींना जोडणारा एक अर्थहीन क्रमांक. कोणी एक कप्पा फोडला तर हाती नुसती नावे लागतील किंवा नुसते आकडे.

पासवर्ड तर यंत्रणेला स्वतःलाही माहीत नसतो. हे मला आधी पटेना. अभियंत्याने समजावले : गिरणीत ज्वारी घातली की पीठ मिळते, पिठाची ज्वारी करता येत नाही. यंत्रणा पासवर्ड दळून नुसते पीठ ठेवते. आपण पुन्हा पासवर्ड टाकला की तो दळून दोन्ही पिठे ताडून बघते. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सारखे दिसू नये म्हणून प्रत्येकाच्या दळणात चिमूटभर निराळी भेसळ करतात. तिला या धंद्यात खरोखरच 'मीठ' म्हणतात.

हे सगळे कशासाठी, असे वाटत असेल तर फिनलंडमधली एक घटना सांगतो. वास्तामो नावाच्या मानसोपचार केंद्रांतून हजारो रुग्णांच्या गोपनीय नोंदी चोरीला गेल्या. चोराने आधी संस्थेकडे आणि मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये थेट रुग्णांकडे पैसे मागितले. नाही दिले तर डॉक्टरांपाशी बोललेले जाहीर करीन, ही धमकी. २०१८ मध्ये सिंगापूरच्या सिंगहेल्थ या संस्थेतून पंधरा लाख रुग्णांची माहिती गेली, आणि त्यात त्या देशाच्या पंतप्रधानांच्या औषधांची नोंदही होती. नोंदवही घरात असती तर ती चोरायला चोराला घरात शिरावे लागले असते. एका ठिकाणी जमवलेल्या पंधरा लाख वह्या तो एका रात्रीत नेतो.

रेंज नसते तेव्हा

आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी काय झाले ते अनेकांना आठवत असेल. कोणी तरी बाहेरून शिरून पाच सर्व्हरवरची माहिती स्वतःच्या कुलपात घातली. सुमारे दोन आठवडे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कामे हाताने, कागदावर चालली. सरकारने नंतर संसदेत सांगितले की, संगणकांच्या जाळ्याचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, आणि रुग्णालयाची माहिती परत मिळाली ती एका सुरक्षित राहिलेल्या राखीव सर्व्हरवरून. हे वाचल्यावर आम्ही राखीव प्रत तीन ठिकाणी ठेवू लागलो, त्यातली एक कोणत्याही तारेला न जोडलेली. दर महिन्याला ती प्रत खरोखर उघडते का, हेही बघतो. एकदा उघडली नव्हती!

माझ्या पेशंटना मात्र चोरापेक्षा रेंजचा त्रास अधिक. म्हणून नोंद आधी फोनमध्येच पक्की होते आणि रेंज आली की पुढे जाते. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक क्रमांक मिळतो, त्यामुळे रेंज तुटून तीच नोंद दोनदा गेली तरी ती एकच धरली जाते, नाहीतर एकाच मनीऑर्डरचे पैसे दोनदा मिळाल्यासारखे व्हायचे. शुगर तपासली ती वेळ आणि नोंद पोहोचली ती वेळ, दोन्ही ठेवतो. सोमवारी पहाटेची ५८ शुगर बुधवारी माझ्यापर्यंत आली, तर मी घाबरून फोन करण्यात अर्थ नसतो. तेव्हा पेशंटने काय करायचे ते फोननेच जागच्या जागी सांगायला हवे. सत्तरच्या खाली आकडा टाकला की रेंज असो वा नसो, पडद्यावर येते : तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

यात आणखी एक धोका आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाईप-१ मधुमेह झाला. मुलाच्या अंगावरचे यंत्र दर पाच मिनिटांनी शुगर मोजायचे, म्हणजे दिवसाला २८८ आकडे, पण ते बापाला कचेरीत बसून दिसत नव्हते. २०१३ मध्ये त्याने स्वतः खटपट करून ते इंटरनेटवर आणले. त्यातून पालकांची 'नाइटस्काऊट' ही मोफत यंत्रणा उभी राहिली. पुढे कंपन्यांनीही तशी सोय दिली. मग २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस एका शनिवार-रविवारी डेक्सकॉम या कंपनीची ही सेवा बंद पडली. मुलांच्या अंगावरची यंत्रे चालू होती, पण आईबापांच्या फोनवरचा इशारा बंद. आणि तो बंद आहे हे त्यांना कोणी वेळीच कळवले नाही. फोन गप्प, म्हणजे मूल ठीक, असे समजून लोक झोपले. आमच्या यंत्रणेत त्यामुळे एक साधी ओळ कायम दिसते : "शेवटची नोंद अमुक वेळी पोहोचली." ती ओळ जुनी झाली की पिवळी होते. पिवळी ओळ दिसली की फोनवर विसंबू नका, बोटातून रक्त काढून तपासा, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

अभियंत्याच्या मनात एकदा आले की, यंत्रणेनेच आकडे बघून इन्सुलिनचा डोस सांगावा. मी नाही म्हटले. परदेशात इन्सुलिनचे पंप आपोआप डोस बदलतात आणि ते उत्तम काम करतात, हे खरे. पण ती साधने कठोर तपासण्यांतून जातात, तरीही जे रॅडक्लिफ नावाच्या संशोधकाने २०११ मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत दाखवून दिले होते की, पंपाशी दुरून छेडछाड करता येते. तो पंप त्याच्या स्वतःच्या अंगावरचा होता, कारण तो स्वतः मधुमेही. नुसते वाचणारी यंत्रणा फोडली तर अब्रू जाते. डोस देणारी फोडली तर जीव जातो. माडीवर बसून आम्ही दोघांनी केलेल्या कामाची उडी तेवढी नाही. डोस मी फोनवर बोलून सांगतो आणि मग लिहितो.

गुरुजी, नातवाला एवढे विचारा

ॲप कोणतेही असो. पैसे घेत नसेल तर ते चालते कशावर? माहिती दुसऱ्याला विकणार नाही असे त्यात मराठीत, समजेल असे लिहिले आहे का? ॲप सोडायचे ठरवले तर आपल्या नोंदी आपल्याला कागदावर काढून मिळतात का, आणि तिकडून पुसल्या जातात का? शुगर नोंदवायला ते आपल्या फोनमधले सगळे नंबर आणि फोटो कशाला मागते? २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घेणे, मागणी केल्यास दुरुस्त करणे आणि पुसणे, हे त्यात आले आहे. सुरक्षिततेत हयगय झाली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. सरकारच्या 'आभा' क्रमांकाबद्दलही पुष्कळ जण विचारतात. तो चौदा अंकी असतो. त्या योजनेत आपली कागदपत्रे ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि आपल्या संमतीने दुसऱ्याला दिसतात, अशी रचना आहे. संमती मागणारा निरोप फोनवर आला की तो वाचून मगच बटण दाबा. आपल्याकडे लोक वाचायच्या आधी दाबतात.

आणि वही टाकून देऊ नका. आमच्या यंत्रणेतून महिन्याच्या शेवटी एका पानाचा तक्ता छापून निघतो, तो मी पेशंटच्या वहीतच चिकटवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दिसले. त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात चांगला फोन येईपर्यंत वहीला मरण नाही.

ती मुलगी आता नोकरी करते. यंत्रणेची पहिली परीक्षा तिनेच घेतली आणि आमच्या निम्म्या चुका तिनेच काढल्या. तिच्या नोंदी सध्या तिघांना दिसतात : ती, तिची आई आणि मी. गेल्या महिन्यात तिने विचारले, "सर, चौथं नाव टाकायचं असेल तर दवाखान्यात यावं लागतं का?" मी म्हटले, नाही, तुझ्या फोनवरूनच टाकता येते. नाव कोणाचे, ते तिने सांगितले नाही.

(पुढील आठवड्यात : मधुमेह आणि पायांची निगा. वाचकांनी आपले प्रश्न पत्राने कळवावेत. पत्रात आपले पूर्ण नाव लिहिले नाही तरी चालेल.)